त्वचेवरील छोट्या शस्त्रक्रियेनंतर जखमेची निगा

तीळ, चामखीळ किंवा चरबीची गाठ काढणे, तपासणीसाठी त्वचेचा तुकडा घेणे, म्हणजेच बायोप्सी, अशा जागा बधिर करून होणाऱ्या शस्त्रक्रियांनंतर जखम भरेपर्यंत घरी घ्यायची काळजी. शस्त्रक्रिया बहुधा अर्ध्या तासात उरकते आणि रुग्ण चालत घरी येतो. पुढचे दोन-तीन आठवडे मात्र जखम त्याच्या आणि घरच्यांच्या हाती असते.

पहिले 24 तास पट्टी काढू नये, भिजवू नये. बधिर करण्याच्या इंजेक्शनात बऱ्याचदा रक्तवाहिन्या आकसवणारे अ‍ॅड्रेनालिन असते. त्याचा असर काही तासांनी उतरतो, म्हणून घरी पोचल्यावर पट्टीवर लाल डाग दिसू शकतो. अशा वेळी स्वच्छ कापडाने 15 ते 20 मिनिटे सलग दाबून धरावे. थांबले का म्हणून दर मिनिटाला उचलून पाहिले की नुकतीच धरलेली गुठळी सुटते. तेवढ्यानेही रक्त थांबले नाही तर डॉक्टरांकडे जावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

दुसऱ्या दिवसापासून, डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल तर, हात धुऊन साध्या साबणाने आणि पिण्याजोग्या पाण्याने जखम हलकेच धुवावी, न घासता टिपून घ्यावी, पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा आणि नवी पट्टी लावावी.

‘वारा लागू द्या, खपली धरली की जखम सुकली’ ही समजूत आपल्याकडे घरोघरी आहे. 1962 मध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या त्वचेवरील प्रयोगांतून दाखवले, की पातळ प्लॅस्टिकखाली ओलसर राहिलेल्या उथळ जखमांवर उघड्या जखमांच्या जवळपास दुप्पट वेगाने नवी त्वचा धरते. नव्या पेशी जखमेच्या कडेवरून आणि केसांच्या मुळांतून ओल्या पृष्ठभागावर सरकत येतात. वर कडक खपली असली तर त्यांना तिच्याखालून वाट कोरावी लागते. ओलसर म्हणजे चिंब मात्र नव्हे. पावसाळ्यात भिजलेली पट्टी तशीच राहिली तर भोवतीची कातडी पांढरी पडून सुरकुतते. ती लगेच बदलावी.

टाके न घालता खरवडून किंवा जाळून काढलेल्या जागी तिसऱ्या-चौथ्या दिवशी फिकट पिवळा, चिकट पापुद्रा दिसतो. त्याला वास नसतो, जखम ठणकत नाही. घरचे त्याला पू समजतात आणि कापसाने खरवडून काढतात. भळकन रक्त येते आणि चार दिवसांची नवी त्वचा त्याच्याबरोबर निघून जाते. हा पापुद्रा म्हणजे जखमेतून पाझरलेले फायब्रिन, रक्त गोठताना तयार होणारे प्रथिन. त्याला हात लावू नये. पू झाला की दुखणे दिवसेंदिवस वाढते, लाली पसरते, जागा गरम लागते, घाण वास येतो, कधी ताप चढतो. यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

अँटिबायोटिक मलम प्रत्येक जखमेला हवेच असे नाही. 1996 साली प्रसिद्ध झालेल्या, 900 हून अधिक रुग्णांच्या अमेरिकी अभ्यासात साधी पेट्रोलियम जेली आणि बॅसिट्रासिन मलम यांच्यात जंतुसंसर्गाच्या बाबतीत लक्षणीय फरक आढळला नाही. काहींना अशा मलमांची अ‍ॅलर्जी होऊन जखमेभोवती खाज आणि पुरळ येते, ते वेगळेच.

हळदीबद्दल स्पष्ट बोलायला हवे. जखमेवर हळद वापरण्याचे पेटंट अमेरिकेत 1995 मध्ये दिले गेले होते. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या भारताच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि 1997 मध्ये ते रद्द झाले. ती लढाई हे ज्ञान आपल्याकडे पूर्वापार आहे हे सिद्ध करण्याची होती. स्वयंपाकघरातल्या डब्यातली हळद निर्जंतुक नसते आणि तिचे कण टाक्यांत अडकून राहतात. ती भरू नये.

चेहऱ्यावरचे टाके साधारण 5 ते 7 दिवसांनी काढतात, डोक्यावरचे 7 ते 10, पाठ आणि पायांवरचे 10 ते 14 दिवसांनी. टाके निघाले म्हणजे कातडी पूर्ववत झाली असे नव्हे: तीन आठवड्यांनीही तिची ताकद मूळच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमीच असते. म्हणून पाठीवर टाके असतील तर पाण्याची कळशी उचलणे, व्यायामशाळा लांबणीवर टाकावे.

भात, वांगे, आंबट खाल्ल्याने जखम पिकते याला आधार नाही. उलट डाळ, अंडी, दूध बंद केले तर प्रथिने कमी पडतात. मधुमेह्यांनी साखर आटोक्यात ठेवावी. तंबाखू आणि धूम्रपानाने जखम रेंगाळते.

छाती, खांदा आणि कानाच्या पाळीवर वण जाड होऊन मूळ जखमेच्या बाहेर पसरू शकतो. त्याला केलॉइड म्हणतात. वण उंच होऊ लागला, खाजू लागला की लवकर दाखवलेले बरे. ताज्या वणाला उन्हाने काळा डाग पडतो, म्हणून काही महिने तो झाकावा किंवा सनस्क्रीन लावावे.

बायोप्सीची जखम कितीही छान भरली तरी तिचा अहवाल आणायला जावेच. टाके काढायच्या दिवशीच तो मागावा.