गाणारा नसलेलं रॉक आणि आमचा मिरजेचा कान

एक्स्प्लोजन्स इन द स्काय हा अमेरिकन रॉक बँड लावला की आमच्याकडं पहिला प्रश्न ठरलेला, गाणारा कुठाय? गाणारा नाहीच. तीन गिटार आणि ड्रम्स, मधूनच एखादी गिटार खाली ठेवून बेस उचलतात, बस्स. आता मला सांगा, गणपतीच्या मिरवणुकीत बेंजो वाजतो तेव्हा कोण गात असतं? तरी अख्खा चौक नाचतोच की.

मला हा बँड सांगलीच्या विश्रामबागेतल्या रूमवर मित्राच्या हार्डडिस्कमधून मिळाला. आधी ड्रम्स आवडले, जीव जडला तो नंतर, एक गिटार काहीतरी म्हणते आणि दुसरी तिला उत्तर देते हे हेडफोनवर कळायला लागलं तेव्हा.

तर याची पार्श्वभूमी अशी की शब्दांशिवायचं रॉक काही नवं नाही. १९५८ साली अमेरिकेत लिंक रे या गिटारवाल्यानं ‘रंबल’ वाजवलं, त्यात एक शब्द नाही, तरी पोरांच्या टोळ्यांत मारामाऱ्या होतील म्हणून काही रेडिओ स्टेशनांनी ते लावायचंच बंद केलं! तो खरखरीत आवाज यावा म्हणून त्यानं अ‍ॅम्प्लिफायरच्या स्पीकरला पेन्सिलीनं भोकं पाडली होती. हे वाचलं आणि मला थेट आमची सतारमेकर गल्ली आठवली. तिथं कारागीर तंबोऱ्याची घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, कानशीनं इतकी हलकी हलकी घासतो, तार छेडून बघतो, परत घासतो, तारेखाली दोरा सरकवतो, आणि एका जागी ती तार घोडीला चाटून गुंजायला लागते, ती जवारी. साधा स्वच्छ आवाज तिकडंही पुरला नाही आणि इकडंही. मिरजेत वाद्यं बनवायचं हे काम एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांपासून सुरू झालं असं सांगतात, आणि किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर इथंच दर्ग्यात आहे, म्हणजे सूर लांबवून ऐकायची सवय या गावाला जुनी आहे.

१९६० ला अमेरिकेत व्हेंचर्स, इंग्लंडात शॅडोज हे नुसतं वाजवणारे बँड गाजले, मग बीटल्सची लाट आली आणि गाणारे पुढं गेले. नव्वदीत पोस्ट-रॉक आलं, म्हणजे वाद्यं रॉकचीच पण गाण्यापेक्षा आवाजाच्या थरांवर भर, ग्लासगोचा मोग्वाई हा बँड १९९५ चा, आणि १९९९ मध्ये टेक्सासच्या ऑस्टिनमध्ये आपला हा बँड.

यातले तिघे गिटारवाले मूळचे टेक्सासमधल्याच मिडलंडचे. मिडलंड आणि ओडेसा ही तेलावर जगणारी शेजारशेजारची गावं, आपल्या सांगली-मिरजेसारखी. २००४ मध्ये ओडेसातल्या शाळेच्या फुटबॉल टीमवर सिनेमा आला, ‘फ्रायडे नाइट लाइट्स’, त्याचं संगीत यांनी केलं आणि मग बँडचं नावही माहीत नसलेल्या लोकांपर्यंत हे सूर पोचले. मला हे फार भारी वाटतं, बाहेरचा कुणी आणला नाही, शेजारच्या गावच्याच पोरांनी वाजवलं.

सुरुवात करायची तर २००३ चा ‘द अर्थ इज नॉट अ कोल्ड डेड प्लेस’ घ्या, पाचच ट्रॅक आहेत पण सगळे लांबलचक. सतारीवरचे आलाप, जोड, झाला हे टप्पे ऐकलेल्या माणसाला हे चढणं ओळखीचं वाटेल, अगदी बारीक आवाजात सुरू होतं, तेच चार सूर फिरत राहतात, ड्रम्स कधी शिरले कळत नाही आणि मग तिन्ही गिटार एकदम उसळतात. फक्त मध्येच फॉरवर्ड करू नका राव, सुरुवातीला आवाज कमी वाटला तरी.