सिडनी ऑलिंपिक पार्क

सिडनी ऑलिंपिक पार्क : ऑस्ट्रेलियातील सिडनी शहराच्या पश्चिमेस, पॅरामाटा नदीकाठी होमबुश बे येथे २००० च्या ऑलिंपिकसाठी उभारलेला क्रीडा व उद्यान परिसर. ही मूळची वांगल या आदिवासींची भूमी. विसाव्या शतकात येथे सरकारी कत्तलखाना, वीटकारखाना आणि नौदलाचे दारूगोळा कोठार होते. पुढे खाडीकाठच्या पाणथळीत शहराचा व कारखान्यांचा कचरा ओतला गेला.

कारखाना बंद पडल्यावर विटांच्या मातीसाठी खणलेल्या खाणीत पावसाचे पाणी साचले. टेनिस संकुलाची जागा तीच ठरली होती. पण १९९२ मध्ये तेथे संकटग्रस्त ‘ग्रीन अँड गोल्डन बेल फ्रॉग’ आढळला. हिरवा आणि सोनेरी हेच ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूंचेही रंग. टेनिस संकुल दुसरीकडे हलवले गेले, खाण बेडकांना राहिली. आसपास नवी तळी खोदली, रस्त्यांखालून बेडकांसाठी भुयारी वाटा काढल्या. काही तळी मुद्दाम रिकामी करता येतील अशी बांधली आहेत, कारण गंबुशिया मासे बेडकांची पिल्ले फस्त करतात. आपल्याकडे डासांच्या अळ्या खाण्यासाठी पाण्यात सोडतात, तेच हे मासे. खाणीवर १८.५ मीटर उंचीवर वर्तुळाकार पूल आहे. लोक वरून पाहतात, खाली उतरत नाहीत. क्रीडासंकुलाच्या आराखड्याने एका बेडकापुढे वाट बदलावी, हे या प्रकल्पाचे सर्वांत मोठे यश मानावे लागेल.

सुमारे ९० लाख घनमीटर कचरा व दूषित माती दुसऱ्या गावाच्या माथी मारली नाही. ती जागीच टेकड्यांच्या रूपात रचून वर मातीचे थर दिले. आतून झिरपणारे पाणी गोळा करून शुद्ध केले जाते. सांडपाणी व पावसाचे पाणी शुद्ध करून शौचालयांना, बागांना आणि शेजारच्या न्यूइंग्टन वसाहतीला पुरवतात. ऑलिंपिकमधील खेळाडूंचे निवासस्थान तेच. तेथील घरांवर तेव्हाच सौरपट्ट्या बसवल्या होत्या.

लोकांचे येणे-जाणे मात्र सावकाश वाढले. स्पर्धेनंतर काही वर्षे सामने नसतील त्या दिवशी प्रशस्त रस्ते ओस पडत. घरे व कार्यालये उभी राहिल्यावर वर्दळ आली. सुमारे ४३० हेक्टर उद्यानांत सायकलमार्ग असून बादू कांदळवनात शाळकरी मुलांच्या सहली येतात.

नदीच्या गाळात मात्र जुन्या रसायन कारखान्यांतले डायॉक्सिन हे विषारी द्रव्य उरलेच. त्यामुळे २००६ मध्ये सिडनी बंदरातील व्यावसायिक मासेमारी थांबवण्यात आली. हार्बर ब्रिजच्या पश्चिमेस पकडलेले मासे खाऊ नयेत, ही सरकारी सूचना अजूनही लागू आहे.