राउटरच्या कन्सोलवरून बाहेर पडणं : पार्श्वभूमी

रात्रपाळीचा माणूस टर्मिनल सर्व्हरवरून (अनेक राउटरांच्या तारा एकत्र येतात ती पेटी) एखाद्या राउटरचा कन्सोल, म्हणजे थेट तारेने आज्ञा द्यायचं त्याचं पोर्ट, उघडायला जातो आणि समोर ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ उमटतं. राउटर चालू असतो, केबल जागच्या जागी असते. फक्त आधीच्या पाळीतलं कोणीतरी लाइन (त्या कन्सोलची पेटीवरची जोडणी) न सोडता घरी गेलेलं असतं. मुंबईतल्या नेटवर्क खोल्यांमध्ये ही तक्रार निदान पंचवीस वर्षं ऐकू येते आहे आणि दर वेळी दोष निष्काळजीपणाला दिला जातो. मला तो दोष अपुरा वाटतो. अडचणीचं मूळ तारेत आहे.

टर्मिनल सर्व्हर हे नाव आज उलट्या कामाला लागलेलं आहे. ऐंशीच्या दशकात या पेटीला खरोखरच टर्मिनलं जोडलेली असायची. माणसं टर्मिनलांपुढे बसायची आणि पेटी त्यांना नेटवर्कवरच्या मोठ्या संगणकापर्यंत पोचवायची. पुढे त्याच पोर्टांना टर्मिनलाऐवजी राउटरांचे कन्सोल लागले आणि माणूस नेटवर्कच्या बाजूने आत येऊ लागला. टेलनेट म्हणजे नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्रावर टाइप करण्याची पद्धत. इथे ती उलट्या दिशेने, म्हणून ‘रिव्हर्स टेलनेट’.

दिशा बदलली, पण मधली तार तीच राहिली. आरएस-२३२ हे मानक १९६० सालचं. मॉडेम डोळ्यांसमोर ठेवून केलेलं असल्यामुळे ‘पलीकडचा गेला’ हे कळवणाऱ्या वेगळ्या तारा त्यात होत्या. फोन तुटला की सिग्नल पडायचा आणि संगणक त्या माणसाला बाहेर काढायचा. सिस्कोच्या जुन्या राउटरांच्या कन्सोल पोर्टवर मात्र हे मॉडेम-नियंत्रण नाही. ते शेजारच्या ऑक्स, म्हणजे सहायक पोर्टवर आहे. कन्सोलवर अक्षरं येतात, अक्षरं जातात. समोर कोणी आहे की उठून गेलं, हे त्या पोर्टला कळतच नाही.

मुंबईत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं १५ ऑगस्ट १९९५ ला. त्यानंतरच्या दहा वर्षांत बँका, दलालांची ऑफिसं आणि सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांच्या खोल्या राउटरांनी भरल्या. त्यांच्यासोबत सिस्को २५०९ आणि २५११ हे टर्मिनल सर्व्हर आले. पहिल्याला कन्सोल जोडायच्या आठ असिंक लाइन, दुसऱ्याला सोळा. मागून निघणाऱ्या जाड केबलीला आठ-आठ शेपट्या. पेटीच्या पत्त्यावर २००० अधिक लाइन क्रमांक या पोर्टला टेलनेट केलं की तो कन्सोल उघडायचा : २००१ ला पहिला, २०१६ ला सोळावा. हीच जुनी २५११ लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड घेऊन दादर, ठाणे, अंधेरीच्या नेटवर्किंग क्लासांनी सरावाचे रॅक उभे केले. दोन तासांचा स्लॉट संपला की पुढचा विद्यार्थी बसायचा आणि पहिली वीस मिनिटं अडकलेल्या लाइन मोकळ्या करण्यात घालवायचा. आमची पिढी ‘क्लिअर लाइन’ ही आज्ञा आयपी पत्ता द्यायला शिकण्याआधी शिकली.

खरा गुंता ‘बाहेर पडणं’ या शब्दात आहे. त्यात निदान तीन वेगळ्या क्रिया येतात.

राउटरवर ‘एक्झिट’ टाइप केलं की राउटरवरचं लॉगिन संपतं. टर्मिनल सर्व्हरपासून त्या लाइनपर्यंतचं टेलनेट मात्र उघडंच राहतं, कारण तारेतून तसा काही निरोप जातच नाही.

कंट्रोल-शिफ्ट-६ आणि मग एक्स दाबलं की माणूस टर्मिनल सर्व्हरच्या प्रॉम्प्टवर (आज्ञा टाइप करायच्या ओळीवर) परततो. त्याला वाटतं आपण बाहेर पडलो. प्रत्यक्षात सेशन, म्हणजे ते उघडं टेलनेट, नुसतं बाजूला ठेवलेलं असतं, इतकं जवळ की रिकामं एंटर दाबलं तरी माणूस पुन्हा त्याच राउटरवर जाऊन पडतो. अनेक लाइन अशाच अडकतात. ‘शो सेशन्स’ने यादी बघायची आणि क्रमांक देऊन ‘डिसकनेक्ट’ करायचं, तेव्हा ते टेलनेट सुटतं.

पण डिसकनेक्ट केल्यावर राउटरवरचं लॉगिन संपत नाही. मोकळ्या झालेल्या लाइनवर पुढचा माणूस येतो, एंटर दाबतो आणि पासवर्ड न देता थेट इनेबल मोडमध्ये, म्हणजे राउटरच्या सगळ्या अधिकारांसह, उभा राहतो. क्रम महत्त्वाचा, तो असा : आधी राउटरवर एक्झिट, मग एस्केप (कंट्रोल-शिफ्ट-६, एक्स), मग डिसकनेक्ट.

क्लिअर लाइन ही चौथी गोष्ट. ती दुसऱ्याचं सेशन तोडते, तेही टर्मिनल सर्व्हरच्या बाजूनेच. कधी दोनदा-तीनदा द्यावी लागते. शिवाय लाइनवर ‘नो एक्झेक’ (इथून कोणालाही लॉगिन देऊ नको) लावलेलं नसेल तर राउटरकडून आलेला मजकूर टर्मिनल सर्व्हर कोणाचं तरी लॉगिन समजतो, उत्तरादाखल आपला प्रॉम्प्ट पाठवतो, राउटर त्यालाही उत्तर देतो. माणूस नसताना दोन यंत्रं बोलत बसतात आणि लाइन व्यापलेली दिसते.

राउटरला माणूस गेल्याचं कळत नाही म्हटल्यावर घड्याळ हाच एक उपाय उरला. कन्सोलवर दहा मिनिटं काही टाइप झालं नाही तर राउटर आपणहून लॉगिन संपवतो. याला बगल देणारा ‘एक्झेक-टाइमआऊट ० ०’ हा निर्णय सगळ्यात वादाचा ठरला. क्लासात तो सोयीचा होता. पण तिथे पाठ झालेली ओळ कामाच्या राउटरांवर आली आणि तिथेच राहिली. तिच्या बाजूचं म्हणणं पोकळ नव्हतं. शेअर बाजार बंद असतो म्हणून शनिवारी रात्री बदल करायला बसलेला माणूस डीबगचे (दोष शोधण्यासाठी राउटर दाखवतो ते) संदेश नुसते बघत असतो, हात कीबोर्डवर नसतो. नेमक्या त्या वेळी लॉगिन उडालं तर हातचा धागा सुटतो. मीही ती ओळ वर्षानुवर्षं लिहिली आहे. आज मला ती चूक वाटते. कामापुरती मुदत तीस मिनिटं करता येते. शून्य म्हणजे मुदतच नाही, आणि ज्या पोर्टला माणूस दिसत नाही त्याच्याकडून घड्याळही काढून घेतलं तर काहीच शिल्लक राहत नाही.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा या आंधळेपणाची दुसरी बाजू दिसली. मी अंधेरीच्या एका ऑफिसात अडकलो होतो. घरून डायल-अपने शिरलेल्या सहकाऱ्यांचे फोन एकेक करत मेले. टेलनेटच्या दुसऱ्या टोकाला याचा पत्ता नव्हता. टर्मिनल सर्व्हरच्या हिशेबी ते सगळे अजून लाइनवर होते. जे तिघेचौघे ऑफिसात होतो त्यांना आपल्याच माणसांची सेशन तोडत राउटर गाठावे लागले. टीसीपी कीपअलाइव्ह (पलीकडचं टोक जिवंत आहे का हे तपासणारा) आणि लाइनवरचा सेशन-टाइमआऊट (निष्क्रिय सेशन तोडणारा) या दोन ओळी आमच्याकडे त्यानंतर आल्या.

पुढचे बदल सुरक्षेच्या अंगाने झाले. टेलनेटची जागा मजकूर कूटबद्ध करून पाठवणाऱ्या एसएसएचने घेतली. कार्ड-व्यवहारांच्या मानकाने पंधरा मिनिटांच्या निष्क्रियतेची मर्यादा घातली. २८ एप्रिल २०२२ च्या केंद्रीय निर्देशांनी लॉग १८० दिवस जपणं बंधनकारक केलं, त्यामुळे कन्सोलवर कोण कधी आलं-गेलं ही नोंदही मोलाची झाली. महापे, ऐरोलीच्या डेटा सेंटरांत आता लिनक्सवर चालणारे कन्सोल सर्व्हर आहेत. एकाच पोर्टवर दोघांना एकत्र बसता येतं, आत कोण आहे ते नावानिशी दिसतं, त्यामुळे ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ विरळ झालं आहे. त्यांच्या मागून निघणारी तार मात्र अजून ९६०० च्याच वेगाची आणि तितकीच आंधळी असते. सेशन बंद केल्यावर राउटरवर इनेबल प्रॉम्प्ट उघडा राहणं तिथेही घडतं.

आमच्या रजिस्टरात अजून एक जुना रकाना आहे. पाळी सोपवताना ‘शो लाइन’ द्यायचं आणि ज्या लाइनींपुढे तारांकन दिसेल त्यांचे क्रमांक, कोणाच्या आहेत या नावांसकट, तिथे लिहायचे.