जेली सुटणे आणि पडदा सुटणे

‘माझाही पडदा सुटला होता, पण काही न करता आपोआप बरा झाला,’ असे कोणी सांगू लागले की त्या व्यक्तीचा पडदा सुटलेला नव्हता, याची मला जवळजवळ खात्री असते. सुटली होती ती डोळ्यातली जेली. दोन्ही घटनांसाठी ‘सुटणे’ हे एकच क्रियापद वापरले जाते आणि सुरुवातीची लक्षणेही सारखीच असतात. त्यामुळे एकाचा दिलासा दुसऱ्याला लागू केला जातो, आणि त्याची किंमत कधी कधी एका डोळ्याची दृष्टी असते.

जेलीबद्दल फार लिहिण्याची गरज नाही, कारण पन्नाशी ओलांडलेल्या अनेकांनी पांढऱ्या भिंतीकडे किंवा आकाशाकडे पाहताना नजरेबरोबर सरकणारे ठिपके, धागे किंवा जाळ्या पाहिलेल्या असतात. डोळ्याच्या गोलाचा सुमारे ८० टक्के भाग व्हिट्रियस नावाच्या या पारदर्शक जेलीने भरलेला असतो. वयानुसार ती पातळ होते, आकसते आणि मागच्या दृष्टिपटलापासून, म्हणजे ज्याला आपण पडदा म्हणतो त्यापासून, अलग होते. मोठा मायनस नंबर असलेल्यांमध्ये किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये हे लवकर घडू शकते. एवढेच घडले असेल तर उपचार लागत नाहीत. ठिपके राहतात, पण मेंदू हळूहळू त्यांच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो.

पडदा सुटणे ही वेगळीच गोष्ट आहे. त्यात दृष्टिपटल स्वतः आपल्या मागच्या थरापासून उचलले जाते. प्रकाश टिपणाऱ्या पेशींना प्राणवायू आणि पोषण मुख्यतः त्या मागच्या बाजूनेच मिळत असल्यामुळे उचललेल्या भागातील पेशींची उपासमार सुरू होते. मधुमेहात पडदा ओढला जाऊनही सुटू शकतो, परंतु सर्वसाधारणपणे आधी पडद्याला फाट पडते आणि पातळ झालेली जेली त्या फटीतून मागे शिरते. फाट बंद केल्याशिवाय हा आजार आटोक्यात येत नाही, हे स्विस नेत्रतज्ज्ञ ज्यूल गोनँ यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दाखवून दिले. तोपर्यंत तो जवळपास असाध्यच समजला जात होता.

खरा घोळ या दोन टोकांच्या मधल्या अवस्थेत आहे, आणि समजावून सांगणारे बहुतेक लोक नेमके तेथेच घाई करतात. अलग होणारी जेली एखाद्या ठिकाणी पडद्याला घट्ट चिकटलेली असेल, तर सुटताना ती पडद्याला ओढते. पडद्याला ओढ फक्त प्रकाशाच्या रूपातच जाणवते, म्हणून अंधारात डोळा फिरवताना कडेला वीज चमकल्यासारखे दिसते. जेली नुसतीच सुटली तरी हे दिसते, आणि सुटताना तिने पडदा फाडला तरी हेच दिसते. नव्याने लक्षणे जाणवून जेली सुटलेल्या दर सात ते दहा जणांपैकी साधारण एकाच्या पडद्याला फाट आढळते, आणि ती कोणाला पडली आहे हे स्वतःच्या लक्षणांवरून ओळखता येत नाही. ठिपक्यांचा एकाएकी वर्षाव झाला तर संशय अधिक गडद होतो, कारण ते रक्ताचे कण असू शकतात. परंतु ठिपके कमी आहेत म्हणून फाट नाही, असा उलटा निष्कर्ष निघत नाही.

‘दुखत नाही ना, मग थांबा’ हा सल्ला मला सर्वांत जास्त खटकतो. दृष्टिपटलाला वेदना कळतच नाही. ‘चष्म्याचा नंबर तपासला, ६/६ आहे’ हेही तितकेच निरुपयोगी आहे, कारण ती तपासणी मध्यभागाची असते आणि फाट बहुधा कडेला असते. बाहुली मोठी करणारे थेंब घालून कडेपर्यंत पडदा पाहणे, हाच निवाड्याचा मार्ग आहे. थेंबांमुळे काही तास धूसर दिसते, म्हणून वाहन चालवत जाऊ नये. पहिल्या तपासणीत फाट दिसली नाही तरी काही आठवड्यांनी पुन्हा बोलावतात, तेव्हा टाळाटाळ करू नये. उशिराही फाट पडू शकते.

फाट वेळीच सापडली तर लेझरने तिच्याभोवती पडदा चिकटवून टाकता येतो आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. पडदा सुटल्यावर मात्र शस्त्रक्रिया लागते, आणि डोळ्यात वायू भरला असेल तर तो विरेपर्यंत विमानप्रवास वर्ज्य असतो. कडेकडून सरकत येणारी, न हलणारी सावली हे पडदा सुटल्याचे चिन्ह आहे. अनेक जण ‘सावली आली तर जाऊ’ असे ठरवून बसतात, म्हणजे लेझरची वेळ टळेपर्यंतच थांबतात. सावली मध्यापर्यंत पोहोचण्याआधी शस्त्रक्रिया झाली तर वाचण्याइतकी स्पष्ट दृष्टी टिकण्याची शक्यता बरीच जास्त असते, आणि हे अंतर कधी कधी एक-दोन दिवसांतही कापले जाते. दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा ही उणीव झाकतो, म्हणून नवे ठिपके किंवा चमक दिसल्यास त्याच दिवशी तपासणीची वेळ घ्यावी, आणि तोपर्यंत एकेक डोळा झाकून चारही बाजूंचे नीट दिसते का, हे पाहत राहावे.