लाल सोने: नॅनो तंत्रज्ञानाची ओळख

औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या गर्भधारणा चाचणीच्या पट्टीवर जी लालसर रेघ उमटते, ती पुष्कळदा सोन्याची असते. त्या सोन्यात कोणताही रंग मिसळलेला नसतो. त्याचे कण १०० नॅनोमीटरपेक्षाही कमी व्यासाचे असतात आणि एकमेकांपासून सुटे ठेवलेले असतात, एवढेच. पिवळा धातू त्या मापाला आला की लाल दिसतो. अतिसूक्ष्म वस्तू घडवण्याचे शास्त्र, अशी नॅनो तंत्रज्ञानाची व्याख्या सहसा केली जाते, पण तिच्यातून मुख्य गोष्ट निसटते. पुरेसा लहान झाल्यावर तोच पदार्थ वेगळा वागू लागतो आणि कणाचे माप ठरवून त्याची वागणूक हवी तशी वळवता येते. या तंत्रज्ञानाचा सगळा पाया इथे आहे.

नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश भाग. माणसाच्या केसाची जाडी साधारण ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर भरते, रक्तातली तांबडी पेशी सुमारे ७ हजार नॅनोमीटर रुंद असते, डीएनएच्या दुहेरी पिळाचा व्यास २ नॅनोमीटर असतो आणि सोन्याचा एक अणू ०.३ नॅनोमीटरच्या आसपास असतो. १ ते १०० नॅनोमीटर हा टप्पा नॅनो तंत्रज्ञानाचा प्रदेश मानला जातो. म्हणजे एकट्यादुकट्या अणूपेक्षा मोठा, पण पेशीपेक्षा पुष्कळ लहान.

लाल सोन्याची शास्त्रीय तपासणी प्रथम मायकेल फॅरडे यांनी केली. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये सोन्याच्या क्षारांपासून त्यांनी माणकासारखे लाल द्रव तयार केले आणि १८५७ साली असे मांडले की, यात सोने विरघळलेले नसून अत्यंत बारीक कणांच्या रूपात तरंगते आहे. ते कण त्यांच्या सूक्ष्मदर्शकाला दिसणे शक्यच नव्हते. निव्वळ प्रकाशाच्या वागण्यावरून काढलेला तो निष्कर्ष होता आणि तो बरोबर ठरला. त्याचे गणित जर्मन शास्त्रज्ञ गुस्टाव मी यांनी १९०८ मध्ये मांडले. धातूतील मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाश पडल्यावर एकत्रितपणे मागेपुढे आंदोलित होतात, आणि कण इतका लहान असला की हे आंदोलन ठरावीक तरंगलांबीच्या प्रकाशाशी जुळते. सोन्याच्या छोट्या गोल कणांच्या बाबतीत ही तरंगलांबी ५२० नॅनोमीटरच्या जवळ, म्हणजे हिरव्या रंगात येते. हिरवा प्रकाश शोषला गेला की उरलेला प्रकाश आपल्याला लाल दिसतो. हेच कण एकमेकांना चिकटू लागले तर द्रव जांभळट-निळा होतो. कारागिरांना हे कारण माहीत नव्हते, पण परिणाम माहीत होता: ब्रिटिश म्युझियममधील चौथ्या शतकातील रोमन ‘लायकर्गस चषक’ बाहेरून उजेड पडला तर हिरवा आणि आतून पडला तर लाल दिसतो, कारण त्याच्या काचेत सोन्या-चांदीचे असे कण आहेत.

हे कण बनवणे फारसे अवघड नाही. सोन्याच्या क्लोराइडचे विरळ द्रावण उकळून त्यात सोडियम सायट्रेट घातले की काही मिनिटांत फिकट पिवळा रंग जाऊन गडद लाल येतो. ही पद्धत १९५१ पासून रूढ आहे. सायट्रेट दोन कामे करते: सोन्याचे अणू मोकळे करते आणि तयार झालेल्या कणांवर ऋणभाराचे आवरण चढवून त्यांना एकमेकांपासून दूर ठेवते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी याच कामासाठी वनस्पतींकडे मोर्चा वळवला. गवती चहाच्या कुळातील एका गवताच्या पानांचा अर्क वापरून त्यांनी सोन्याचे चपटे त्रिकोणी कण मिळवले आणि २००४ साली ते संशोधन प्रसिद्ध झाले. त्रिकोणी कण गोल कणांपेक्षा वेगळा प्रकाश, अगदी डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाशही शोषतो. म्हणजे मापाइतकाच आकारही गुणधर्म ठरवतो.

आता चाचणीच्या पट्टीकडे वळू. सोन्याच्या प्रत्येक कणावर गरोदरपणात तयार होणाऱ्या एचसीजी या संप्रेरकाला नेमके पकडणारी प्रथिने, म्हणजे प्रतिपिंडे, चिकटवलेली असतात. मूत्राचा थेंब कागदासारख्या पट्टीतून पुढे सरकतो, तेव्हा संप्रेरक असल्यास ते या कणांना जोडले जाते. पुढे एका रेघेवर दुसरी प्रतिपिंडे पक्की बसवलेली असतात. ती संप्रेरकाची दुसरी बाजू धरतात. त्यामुळे सोन्याचे असंख्य कण त्याच रेघेवर अडकून साचतात आणि लाल रंग डोळ्यांना दिसण्याइतका दाट होतो. संप्रेरक नसेल तर कण तिथे न थांबता पुढे जातात आणि फक्त नियंत्रण रेघेवर पकडले जातात, जिच्यावरून पट्टी नीट काम करते आहे एवढे कळते. कोरोनाच्या काळात घरोघरी पोचलेल्या जलद प्रतिजन चाचण्यांचे तत्त्वही हेच होते. वीज नाही, यंत्र नाही, तंत्रज्ञ नाही. माझ्या मते या तंत्रज्ञानाचा सर्वांत यशस्वी उपयोग हाच आहे, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते.

रंगानंतरचा दुसरा मोठा बदल पृष्ठभागाचा. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर असते. तोच घन एक नॅनोमीटर बाजूच्या घनांत चिरला, तर एकूण पृष्ठफळ ६ हजार चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दीड एकर होते. रासायनिक क्रिया पृष्ठभागावर घडते, म्हणून एरवी कशाशीही सहज संयोग न पावणारे सोने ५ नॅनोमीटरच्या खाली आल्यावर उत्तम उत्प्रेरक, म्हणजे स्वतः खर्च न होता क्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ, बनते. जपानमधील मासातके हारुता यांनी १९८० च्या दशकात दाखवले की, असे सोने योग्य ऑक्साइडवर बसवले तर विषारी कार्बन मोनॉक्साइडचे शून्याखालच्या तापमानातही ज्वलन घडवते. पाणी शुद्ध करण्यात हाच गुण उपयोगी पडतो. टाटा समूहाने २००९ मध्ये आणलेल्या ‘स्वच्छ’ या गाळणीत भाताच्या तुसाच्या राखेवर चांदीचे नॅनोकण बसवले होते, तर आयआयटी मद्रासमधील थलप्पिल प्रदीप यांच्या गटाने पाण्यातील कीटकनाशके आणि आर्सेनिक काढून टाकणारे पदार्थ विकसित केले.

अर्धवाहकांत, म्हणजे धातूंपेक्षा कमी पण विद्युतरोधकांपेक्षा जास्त वीज वाहू देणाऱ्या पदार्थांत, मापाचा परिणाम आणखी थेट दिसतो. कॅडमियम सेलेनाइडचा सुमारे २ नॅनोमीटरचा कण निळा प्रकाश देतो, तर ६ नॅनोमीटरचा लाल. या ‘क्वांटम डॉट’साठी मुंगी बावेंडी, लुई ब्रूस आणि अलेक्सी एकिमोव्ह यांना २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, आज काही दूरचित्रवाणी संचांचे रंग अशाच कणांतून येतात.

वैद्यकात नॅनोकण मुख्यतः वाहकाचे काम करतात. डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरचे जुने औषध हृदयाला अपाय करते. ते सुमारे १०० नॅनोमीटरच्या मेदाच्या पिशवीत भरून दिल्यास तो अपाय कमी होतो, आणि अशा औषधाला अमेरिकेत १९९५ मध्ये मान्यता मिळाली. कोरोनाच्या काही लसींतला एमआरएनए, म्हणजे पेशीला प्रथिन बनवण्याची सूचना देणारा रेणू, उघडा टोचला तर शरीरात चटकन तुटतो, म्हणून त्या लसींना सूक्ष्म मेदकणांचा आधार घ्यावा लागतो.

शेतीत मात्र सावध राहावे लागते. २०२१ मध्ये आलेल्या, इफ्को या खत बनवणाऱ्या सहकारी संस्थेच्या नॅनो युरियाची ५०० मिलिलिटरची बाटली युरियाच्या ४५ किलोच्या गोणीची जागा घेईल, असा दावा होता. ४ टक्के नत्राच्या हिशेबाने बाटलीत सुमारे २० ग्रॅम नत्र भरते, गोणीत सुमारे २० किलो. म्हणजे हजारपट फरक. फवारलेले नत्र पान अधिक कार्यक्षमतेने शोषते हे मान्य केले, तरी पिकाच्या दाण्यात जाणारे नत्र कुठूनतरी यावेच लागते. पंजाब कृषी विद्यापीठाच्या प्रयोगांत नेहमीच्या खताच्या तुलनेत गहू आणि भाताच्या उत्पादनात घट आढळली. मापाने गुणधर्म बदलतात, वस्तुमान बदलत नाही.

सुरक्षिततेचा प्रश्नही मापातूनच निघतो. एखादा पदार्थ भुकटीच्या रूपात निर्धोक ठरला म्हणून त्याचे नॅनोकण तसेच असतील, असे गृहीत धरता येत नाही, कारण ते पेशींच्या आवरणातून आत जाऊ शकतात. खाद्यपदार्थांना पांढरेपणा देणाऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडच्या कणांत काही भाग नॅनो मापाचा असतो. २०२२ मध्ये युरोपीय संघाने त्याच्या खाद्यवापरावर बंदी घातली. भारतात जैवतंत्रज्ञान विभागाने २०२० मध्ये नॅनो कृषी निविष्ठा आणि खाद्यपदार्थ यांच्या मूल्यमापनासाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. सौंदर्यप्रसाधनांबाबत युरोपचा नियम अधिक स्पष्ट आहे: २०१३ पासून घटकांच्या यादीत अशा प्रत्येक पदार्थाच्या नावापुढे ‘नॅनो’ असे छापणे तिथे बंधनकारक आहे.