मान महापौरांचा, सही आयुक्तांची: फिरोजशहांनी घातलेली घडी

मुंबईत रस्ते खचले की शिव्या महापौरांना बसतात. खर्चाच्या फायलीवर सही मात्र आयुक्तांची असते. ही वाटणी 1888 च्या मुंबई महापालिका कायद्यातली, आणि तिच्यामागचा विचार मुख्यतः फिरोजशहा मेहतांचा.

1865 पासून शहराचा कारभार म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या हाती होता. माणूस धडाडीचा, त्यांच्या नावाची मंडई 1869 ची. पण खर्चाला लगाम नव्हता. तिजोरीत खडखडाट झाला आणि 1871 मध्ये करदाते खवळले. कमिशनरचे अधिकार काढून ते मंडळाकडे द्या, असा सूर निघाला. तेव्हा 26 वर्षांचे बॅरिस्टर मेहता फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये भर सभेत उलटे बोलले. कारभार एकाच जबाबदार अधिकाऱ्याकडे राहू द्या. बदलायचेच तर त्याला जाब विचारणारी माणसे बदला, आणि सरकारने नेमलेल्या जस्टिसांऐवजी (म्हणजे ‘जस्टिस ऑफ द पीस’ हे मानद पद असलेल्या प्रतिष्ठितांऐवजी) ती करदात्यांनी निवडू द्या. श्रोत्यांना हे मुळीच रुचले नाही.

तरी 1872 च्या कायद्याने 64 पैकी 32 जागा करदात्यांच्या मतांवर सोपवल्या. 1888 च्या कायद्याच्या घडणीत मेहतांबरोबर कायदेपंडित काशिनाथ त्र्यंबक तेलंगांचाही मोठा हात होता. सभागृह, स्थायी समिती आणि आयुक्त ही त्रयी तिथे पक्की झाली.

मेहता 1884, 1885, 1905 आणि 1911 मध्ये पालिकेचे अध्यक्ष होते. महापौर हे नाव त्या पदाला 1931 मध्ये मिळाले, मेहता गेल्यावर सोळा वर्षांनी. पण त्यांचा दरारा खुर्चीवर अवलंबून नव्हता. 1907 मध्ये जस्टिसांनी निवडायच्या 16 जागांच्या निवडणुकीत त्यांना पाडण्यासाठी काही गोऱ्या अधिकाऱ्यांनी चक्क टोळी बांधली. मेहता सतरावे आले! पुढे निवडून आलेला एक उमेदवार अपात्र ठरला आणि ते सभागृहात परतले. आज पालिका मुख्यालयासमोर त्यांचा पुतळा उभा आहे.

त्यांच्या लोकशाहीची कुंपणे मात्र अरुंद होती. मत करदात्याला, चाळीतल्या गिरणी कामगाराला नाही. प्रौढ मताधिकारावर पालिकेची पहिली निवडणूक व्हायला 1948 उजाडले.

महापौरांच्या हाती खरी सत्ता देऊन पाहण्याचा प्रयत्नही झाला. 1998 मध्ये महापौर परिषदेची पद्धत आणली गेली. वर्षभरात ती गुंडाळली. मार्च 2022 मध्ये तर सभागृहाची मुदत संपली, निवडणुका लांबल्या आणि आयुक्तच प्रशासक म्हणून कारभार पाहू लागले. एकहाती अधिकारी मेहतांनाही हवा होता, पण त्याच्यासमोर बसून हिशेब मागणाऱ्यांसह. तेच बाक रिकामे राहिले, वर्षानुवर्षे.