पिंपल ताणाचा की खाण्याचा?

तोंडावर पिंपल आला की संशयित दोनच: काल खाल्लेलं चॉकलेट, नाहीतर सध्याचं टेन्शन. दोघांवरचा संशय अगदीच चुकीचा नाही, पण आरशात कितीही निरखून पाहिलं तरी फोड कोणामुळे आला ते कळत नाही. कपाळावरचा पोटामुळे, गालावरचा फुफ्फुसामुळे असे चेहऱ्याचे नकाशे फिरत असतात. त्यांच्या नादी न लागलेलंच बरं. फरक शोधायचा तर तो वेळेत शोधावा लागतो.

पिंपल एका रात्रीत तयार होत नाही. केसाच्या मुळाजवळची तेलग्रंथी सीबम नावाचा तेलकट पदार्थ सोडते, छिद्राच्या तोंडाशी मृत पेशी साचतात आणि तिथे बूच बसतं. हे बूच डोळ्यांना न दिसता कित्येक आठवडे आत असू शकतं. पुढे आतले जिवाणू वाढतात, दाह सुरू होतो आणि मग आपल्याला लाल फोड दिसतो. म्हणजे आज दिसणाऱ्या फोडाची सुरुवात कालच्या चॉकलेटच्या बरीच आधी झालेली असते.

आहाराचा परिणाम असा संथ असतो. साखरेची पेयं, मिठाया, मैद्याचे पदार्थ यांनी रक्तातली साखर झटकन चढते, तिच्यामागे इन्सुलिन वाढतं, आणि इन्सुलिनमुळे तेलग्रंथींना व छिद्रातल्या पेशींना वाढीचे संकेत मिळतात. ऑस्ट्रेलियात २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुरमं असलेल्या ४३ तरुणांना दोन गटांत विभागलं होतं. साखर हळू चढवणारा आहार घेणाऱ्या गटात १२ आठवड्यांनी सरासरी २३ च्या आसपास फोड कमी झाले. दुसऱ्या गटातही १२ कमी झालेच! काहीही न बदलता मुरमं आपसूक कमी-जास्त होत राहतात, त्यामुळे ‘मी अमुक सोडलं आणि चेहरा साफ झाला’ या अनुभवांवर मी फारसा विसंबत नाही. त्यात आहार बदललेल्या मुलांचं वजनही उतरलं होतं, त्यामुळे श्रेय नेमकं कशाला द्यायचं हाही प्रश्न उरतो.

चॉकलेटला १९६९ मध्ये एका अमेरिकी अभ्यासाने निर्दोष ठरवलं होतं. पण तुलनेसाठी दिलेल्या बिनचॉकलेटच्या वडीत साखर आणि चरबी जवळपास तेवढीच होती. तेव्हा त्यातून फार तर कोको सुटला, साखर नाही. दुधाचा, त्यातही साय काढलेल्या दुधाचा, मुरमांशी संबंध काही पाहण्यांत दिसला आहे. तो कारण म्हणून सिद्ध झालेला नाही. तळलेल्या पदार्थातलं तेल मात्र थेट छिद्रात जाऊन बसत नाही.

ताण जास्त करून आधीच आत तयार असलेल्या बुचांना चेतवतो. मेंदूतून सुटणारी ताणाची रसायनं ओळखणारे रेणू (रिसेप्टर) तेलग्रंथींवरही असतात, आणि त्वचेतल्या नसांच्या टोकांतून दाह वाढवणारी द्रव्यं बाहेर पडतात. पण ताणाने तेल वाढतं आणि म्हणून फोड येतात, हे समीकरण वाटतं तितकं सरळ नाही. सिंगापूरमधल्या शाळकरी मुलांमध्ये परीक्षेच्या काळात मुरमं बळावली, पण तेलाचं प्रमाण फारसं बदललं नव्हतं. शिवाय ताणात त्वचा भरून यायला वेळ लागतो. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांची शुश्रूषा करणाऱ्या बायकांच्या हातावरची छोटी जखम भरायला इतर बायकांपेक्षा सुमारे ९ दिवस जास्त लागले, असं १९९५ मध्ये नोंदवलं गेलं. म्हणून ताणाच्या दिवसांत फोड रेंगाळतात. नखाने टोकरण्याची सवय असेल तर डाग वेगळेच.

गोंधळ होतो कारण ताणात माणूस गोड जास्त खातो आणि झोपही बिघडते. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २२ विद्यार्थ्यांवरचा २००३ मधला अभ्यास मला याचसाठी आवडतो. झोप आणि जेवणातला बदल हिशेबात धरूनही ताणाचा मुरमांशी संबंध टिकला. त्याशिवाय ठळक संबंध दिसला तो फक्त आहाराचा दर्जा घसरण्याशी.

गांधी उठणं हा प्रकार वेगळा. खाण्याच्या ॲलर्जीने पित्ताच्या गांधी बहुधा काही मिनिटांत ते दोन तासांत उठतात. इथे ‘आत्ता काय खाल्लं’ हा प्रश्न योग्य आहे. उष्णता, घाम किंवा भावनिक ताणाने उठणाऱ्या गांधी बारीक, टाचणीच्या डोक्याएवढ्या असतात. सहा आठवड्यांहून जास्त काळ वरचेवर गांधी येत असतील तर खाणं हे कारण क्वचितच निघतं. ओठ किंवा जीभ सुजली, श्वास अडखळला, तर मात्र कारण शोधत न बसता ताबडतोब रुग्णालय गाठायचं.

मुरमांबाबत स्वतः पडताळायचं असेल तर आहारातली एकच गोष्ट बदला आणि १२ आठवडे थांबा. परीक्षा, नोकरीतली धावपळ, जागरणं यांच्या तारखाही सोबत लिहून ठेवा. एकदम दूध, साखर, गहू सगळं बंद केलं तर कशाने फरक पडला ते कळणार नाही, आणि पथ्याचाच ताण होईल. दुखऱ्या गाठी किंवा खड्डे पडत असतील तर हा प्रयोग करत बसू नका. तिथे त्वचारोगतज्ज्ञ बेंझॉइल पेरॉक्साइड, अडापलीन अशी लावायची औषधं किंवा गरजेप्रमाणे पोटात घ्यायची औषधं देतात, आणि फोड ताणाचा होता की खाण्याचा यावर ती फारशी बदलत नाहीत.